चार भिंतींच्या आत आणि बाहेर

(मंडळाच्या उन्हाळी बालशिबिराच्या सांगतेला पालकांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



अध्यक्षांनी मला सांगितले की तुम्ही मुलांना रविवारी सकाळी बाहेर नेता, त्याबद्दल अर्धा तास बोला. मी काही वक्ता नाही. रुळांची देखभाल करणारा डिप्लोमा इंजिनिअर माणूस. माझे बोलणे बहुतेक वेळा वॉकीटॉकीवर होते आणि ते दोन वाक्यांत संपते. पण हो म्हणालो, कारण या महिन्यात तीन पालकांनी मला प्रेमाने पण स्पष्ट सांगितले की जूनपासून आठवीच्या पुढची मुले रविवारी येणार नाहीत. कोचिंग सुरू होते आहे. एका वहिनींनी तर विचारले, "भाऊजी, काठीची सावली मोजून मार्क मिळतात का हो?"

प्रश्न रास्त आहे. टाळण्यासारखा तर मुळीच नाही. आज त्याचेच उत्तर द्यायचा प्रयत्न करतो. आणि गंमत अशी की नेमका हाच प्रश्न आपल्या या जिल्ह्यात एकदा फार मोठ्या प्रमाणावर विचारला गेला होता आणि त्याचा निकालही लागला होता. आपल्यातल्या अनेकांना तो इतिहास ठाऊक नाही, कारण आपली बरीच मंडळी बदलीवर इथे आली. म्हणून आधी तो सांगतो.

१९७२ साली होशंगाबाद जिल्ह्यातल्या, म्हणजे २०२२ पासूनच्या नर्मदापुरम् जिल्ह्यातल्या, १६ माध्यमिक शाळांत सहावी ते आठवीचे विज्ञान वेगळ्या पद्धतीने शिकवायला सुरुवात झाली. रसूलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर आणि बनखेडीकडची किशोर भारती या दोन संस्थांनी ते सुरू केले. रसूलिया म्हणजे इथून गाडीने होशंगाबादला जाताना लागते तेच. किशोर भारतीचे डॉ. अनिल सद्गोपाल हे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतली नोकरी सोडून इकडे आले होते. विद्यापीठांतले आणि संशोधन संस्थांतले शास्त्रज्ञ सुट्ट्यांमध्ये येऊन खेड्यातल्या मास्तरांबरोबर बसत. १९७८ मध्ये राज्य सरकारने हा कार्यक्रम जिल्ह्यातल्या सगळ्या माध्यमिक शाळांना लागू केला. १९८२ मध्ये एकलव्य ही संस्था स्थापन झाली आणि पुढे तिने तो चालवला. होशंगाबाद विज्ञान या नावाने तो देशभर ओळखला जातो.

मी १९९० साली सहावीत गेलो तो याच जिल्ह्यातल्या सरकारी शाळेत. त्यामुळे ऐकीव सांगत नाही. 'बाल वैज्ञानिक' नावाचे पुस्तक होते. त्यात उत्तरे नव्हती! म्हणजे प्रयोग कसा करायचा ते होते, काय पाहायचे ते होते, पण काय दिसेल ते लिहिलेले नव्हते. ते आपण करायचे, वहीत लिहायचे. चार-चार मुलांची टोळी, टोळीला सामानाची पेटी. परीनळ्या, भिंग, चुंबक, असले साहित्य. आणि परिभ्रमण असे. म्हणजे मास्तर वर्गाला घेऊन शेताकडे, ओढ्याकडे निघत. पाने आणि मुळे गोळा करायची. परत येऊन पानांचे गट करायचे: जाळीदार शिरांची एकीकडे, समांतर शिरांची एकीकडे. मग त्याच रोपांची मुळे बघायची. अर्ध्या तासात कोणीतरी ओरडे, "सरजी, जाळीवाल्यांचं मूळ एकच जाड आहे आणि समांतरवाल्यांचा झुबका आहे!" मास्तर म्हणत, "सगळ्यांचं आहे का? अजून दहा बघा." आज माझ्या मुलीच्या पुस्तकात हेच एका चौकटीत छापलेले आहे आणि ती ते दोन मिनिटांत पाठ करते. पाठ करण्यात वाईट काही नाही. पण "अजून दहा बघा" हे वाक्य चौकटीत छापता येत नाही.

परीक्षासुद्धा तशीच. लेखी परीक्षेला पुस्तक आणि वही उघडून बसायचे. आमच्या घरी हे ऐकून वडील चक्रावले होते. पण पुस्तक उघडे असूनही नापास होता येते, कारण प्रश्न पुस्तकातला नसे. शिवाय प्रात्यक्षिकाची परीक्षा वेगळी. आणि 'सवालीराम' होता. हा खरा माणूस नव्हे, पण मुले त्याला पत्र लिहीत आणि त्याच्या नावाने खरे उत्तर येई. पत्र लिहिणारा पोरगा सहावीत आहे की चौथीत, प्रश्न शहाणपणाचा आहे की नाही, हे तिथे कोणी बघत नसे.

या कार्यक्रमाकडे आलेल्यांपैकी एक नाव तुम्ही नक्की ऐकले असेल. अरविंद गुप्ता. आयआयटी कानपूरचे इंजिनिअर, पुण्याला टेल्कोत नोकरीला होते. १९७८ मध्ये रजा घेऊन इकडे आले आणि आठवडी बाजारातल्या वस्तू बघता बघता आगकाडी आणि सायकलच्या व्हॉल्व्हची नळी यांच्यापासून त्रिकोण, चौकोन, घर असे आकार त्यांना सुचले. पुढे ते पुण्याच्या आयुकात, मुलांच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत बरीच वर्षे होते. त्या इमारतीचे नाव 'पुलस्त्य', म्हणजे सप्तर्षींतला तारा, आणि त्या नावात पु. लं. ची आठवणही आहे. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. सांगायचे कारण, पुण्यामुंबईची मंडळी आज ज्या खेळण्यांचे कौतुक करतात त्यांचे बी आपल्या बाजारात सापडले आहे. आपण मात्र त्याच बाजारातून फक्त भाजी आणतो.

आता निकाल. सुमारे हजार शाळांपर्यंत पसरलेला हा कार्यक्रम २००२ मध्ये राज्य सरकारच्या निर्णयाने बंद झाला. जे आक्षेप होते त्यातला मोठा आक्षेप तोच, आपल्या वहिनींचा. पुढे दहावीच्या बोर्डात ही मुले मागे पडतात. चालवणाऱ्यांनी तो खोडून काढायचा प्रयत्न केला, बरीच पत्रे-निवेदने झाली, पण बंद व्हायचे ते झालेच.

यावर माझे मत विचाराल तर मी दोन्ही बाजूंनी थोडे बोलेन. ही पद्धत मास्तरांवर फार अवलंबून होती. चांगले मास्तर असतील तर सोने. आणि ज्यांना मनापासून नको होते त्यांच्या वर्गात पेटी कपाटात आणि कपाटाला कुलूप. फुटलेली परीनळी पुन्हा यायला वेळ लागे. प्रशिक्षण घेतलेल्या मास्तरांची बदली झाली की वर्ग पोरका. हे सगळे खरे आहे. पण त्यासाठी ज्या गोष्टी सुधारायच्या त्या सुधारायच्या. आमच्याकडे एखाद्या ठिकाणी रूळ पुन्हा पुन्हा बसत असेल तर आम्ही गिट्टी, पाणी जायची वाट, खालची माती तपासतो. लाइन उखडून टाकत नाही.

आता माझ्या कामाकडे येतो, कारण बाहेरचे शिक्षण म्हणजे लहान मुलांची हौस असे काहींना वाटते. मी ज्यांना शिकवतो ती मुले वीस ते अठ्ठावीस वर्षांची आहेत. पूर्वी ज्यांना आपण गॅंगमन म्हणत होतो त्यांना आता ट्रॅक मेंटेनर म्हणतात. आपल्या आजोबांच्या वेळचा गॅंगमन अंगठा उठवणारा असायचा. आजची मुले परीक्षा देऊन येतात, त्यांत पदवीधर पुष्कळ असतात. त्यांना आधी वर्गात शिकवले जाते, मग ती लाइनवर येतात.

एक उदाहरण सविस्तर सांगतो. आपल्या मुख्य लाइनवर आता रुळांचे जोड जवळजवळ दिसत नाहीत, सलग वेल्ड केलेले लांब रूळ असतात. पूर्वी १३ मीटरचा एक रूळ आणि मध्ये फट. म्हणून तर गाडीचा तो खटक-खटक आवाज होता, जो ऐकत आपण सगळे मामाच्या गावाला गेलो. आता उन्हाने लोखंड वाढते हे पाचवीतल्या मुलालाही ठाऊक आहे. १३ मीटरचा मोकळा रूळ ४० अंश तापला तर सुमारे ६ मिलिमीटर वाढतो. फट असली की झाले. पण सलग रुळाला फटच नाही. तो वाढायला बघतो आणि स्लीपर, गिट्टी, क्लिपा त्याला वाढू देत नाहीत. मग तो जोर जातो कुठे? रुळाच्या आतच राहतो. ६० किलोच्या रुळात दर अंशाला सुमारे १.९ टन. ज्या तापमानाला तो ताणरहित बसवला ते समजा ४० आहे आणि मे महिन्यात दुपारी रूळ ६० ला गेला (हवा ४३-४४ असताना तो तेवढा सहज जातो), तर एका रुळात ३८ टनांचा दाब. एकाच रुळात. दोन रुळांचा मिळून ७६ टन. हा दाब बाहेर पडायला जागा शोधत असतो. जिथे धरून ठेवणारी गिट्टी कमी, तिथे लाइन बाजूला सापासारखी वळते. त्याला आम्ही बकलिंग म्हणतो. वरून गाडी जात असेल तर काय होईल ते सांगायला नको.

दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे एक मुलगा आला, बी.एस्सी. वर्गात त्याने हे गणित माझ्याआधी सोडवून दाखवले. ३८ टन. अचूक. दुसऱ्या दिवशी त्याला एका जुन्या कीमनबरोबर उन्हाळी गस्तीला पाठवले. कीमन म्हणजे रोज आपल्या हद्दीतली लाइन पायी तपासणारा माणूस. हे काका पाचवी शिकलेले, निवृत्तीला एक वर्ष राहिलेले. मी मागून ट्रॉलीने गेलो तर हे दोघे एका जागी थांबलेले. काका वाकून, डोळा रुळाच्या पातळीला आणून, लांबवर बघत होते. मग त्यांनी स्लीपरच्या टोकाजवळ बोट दाखवले. तिथून गावची गुरे रोज लाइन ओलांडत. खुरांनी गिट्टी खाली ढासळली होती, स्लीपरचे टोक उघडे पडले होते. काका म्हणाले, "साहब, इधर लाइन का दिल नहीं लग रहा।" बी.एस्सी.ला काही दिसत नव्हते. त्याने दोनदा विचारले, "कुठे?" तिसऱ्यांदा तोही वाकला, आणि मग त्याला रुळाची किंचित हललेली रेघ दिसली. तो माझ्याकडे वळून म्हणाला, "सर, ३८ टन इथून निघणार होते."

त्या दिवशी गिट्टी भरून घेतली, गाड्या सावकाश सोडल्या, काही झाले नाही. पण मी सांगतो ते पुढचे. काकांना ३८ हा आकडा माहीत नव्हता. तीस वर्षांत कोणी सांगितलाच नव्हता. मुलाने संध्याकाळी त्यांना विटेवर खडूने लिहून समजावला. दुसऱ्या दिवशी काकांनी हजेरीच्या वेळी सगळ्या गॅंगला सांगितले. अडतीस टन! म्हणजे किती, तर भरलेले तीन-चार ट्रक. मला त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद आठवतो. इतकी वर्षे डोळ्यांना जे दिसत होते त्याला नाव मिळाले होते.

दुसरे उदाहरण थोडक्यात. लाइनवर अचानक धोका दिसला तर गाडी थांबवण्यासाठी ६०० मीटरवर एक आणि १२०० मीटरवर तीन, दहा-दहा मीटर अंतराने, फटाका-सिग्नल लावायचे असतात. वर्गात सगळे हे घडाघडा म्हणतात. मी त्यांना बंद असलेल्या लाइनीच्या कडेने गिट्टीवरून १२०० मीटर खरेच पळायला लावतो, हातात बॅनर आणि झेंडा घेऊन. सात-आठ मिनिटांनी धापा टाकत पोहोचतात. मग विचारतो, ताशी ११० ची गाडी हे अंतर किती वेळात कापते? ४० सेकंदांपेक्षा कमी. त्यानंतर कोणी ते वाक्य घडाघडा म्हणत नाही, सावकाश म्हणतो.

मुलांनो, इथे एक गोष्ट कान उघडे ठेवून ऐका. मी आत्ता जे सांगितले ते नोकरीतल्या, गणवेशातल्या, बंदोबस्तातल्या माणसांचे आहे. तुम्हाला मी आजपर्यंत एकदाही लाइनवर नेलेले नाही आणि नेणार नाही. कॉलनीतून शाळेला जाताना फाटकाऐवजी मधून लाइन ओलांडणारी काही नावे मला माहीत आहेत. पालकांसमोर आज घेत नाही. रेल्वे कायद्यात तो गुन्हा आहे हे सोडा. सलग रुळावर आणि विजेच्या इंजिनामागे गाडीचा आवाज आता पूर्वीसारखा आधी येत नाही, हे लक्षात ठेवा.

मग मुलांना बाहेर नेऊन आपण करतो काय? वहिनींच्या काठीकडे येऊ.

आपल्या इटारसीचे अक्षांश साधारण २२.६. कर्कवृत्त भोपाळ आणि विदिशा यांच्या मध्ये आपल्या लाइनला छेदते. याचा अर्थ असा की इटारसी आणि भोपाळला वर्षातून दोन दिवस सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो आणि काठीची सावली नाहीशी होते. आपल्याकडे जूनच्या पहिल्या आठवड्यात आणि पुन्हा जुलैच्या पहिल्या आठवड्यात. जुलैत ढगांमुळे दिसेलच असे नाही. पण भोपाळहून पॅसेंजरने तासाभरात विदिशाला जा, तिथे असा दिवस कधीच येत नाही. तुम्ही आम्ही किती वेळा त्या लाइनवरून गेलो? भूगोलाच्या नकाशातली ती तुटक रेघ आपण गाडीत चहा पिता पिता ओलांडतो.

गेल्या सप्टेंबरात आम्ही याहून मोठे काम केले. २३ सप्टेंबरच्या आसपास सूर्य विषुववृत्तावर असतो. त्या दिवशी एक मीटरची सरळ काठी ओळंब्याने उभी करायची आणि दुपारची सगळ्यांत आखूड सावली मोजायची. तिच्यावरून आपले अक्षांश निघतात. मंडळाच्या मैदानावर दर पाच मिनिटांनी मुले सावलीच्या टोकाला खिळा रोवत होती. पहिला शोध लागला तो असा की खिळ्यांची रांग सरळ रेषेत आली. दुसरा असा की सर्वांत आखूड सावली बाराला नाही, बारा वाजून बारा मिनिटांच्या सुमारास आली. लगेच वाद! एकाने माझे घड्याळ चुकीचे ठरवले. मग वर्गाची, म्हणजे आपल्या हॉलमधल्या फळ्याची पाळी. भारताची प्रमाणवेळ ८२.५ रेखांशाची, आपण पावणेपाच अंश पश्चिमेला, अंशाला चार मिनिटे, म्हणजे १९ मिनिटे उशीर. मग १९ ऐवजी १२ का? पृथ्वीची कक्षा पूर्ण गोल नाही आणि तिचा आस कललेला आहे, त्यामुळे सूर्य त्या दिवसांत घड्याळाच्या सातेक मिनिटे पुढे असतो. हे सगळे आठवीच्या मुलांना पूर्ण कळले असे मी म्हणणार नाही. पण "का" हा प्रश्न त्यांचा स्वतःचा होता.

त्याच दिवशी माझ्या मावसभावाने दिल्लीत आपल्या गच्चीवर तशीच काठी लावली होती. दिल्ली आणि इटारसी जवळजवळ एकाच रेखांशावर आहेत, बरोबर उत्तर-दक्षिण. दिल्लीची सावली ५४ सेंटीमीटर, आपली ४२. मुलांनी कागदावर त्रिकोण काढून, कोनमापकाने आणि मग कॅल्क्युलेटरने कोन काढले, फरक आला सुमारे ५.६ अंश. एवढ्या अंशांना दिल्ली-इटारसी अंतर, तर ३६० अंशांना किती? इरॅटोस्थेनिसने सव्वादोन हजार वर्षांपूर्वी इजिप्तमध्ये हेच केले होते.

इथे एका मुलाने मोठ्या रुबाबात रेल्वेचे अंतर घातले, आठशे किलोमीटर धरून. रेल्वेवाल्याचा मुलगा! घेर आला एक्कावन्न हजारांच्या वर. पुस्तकात चाळीस हजार. सगळे गप्प. पाच मिनिटांनी एक सातवीतली मुलगी म्हणाली, "काका, गाडी सरळ कुठे जाते? ती झाशी-आग्र्याला वळत वळत जाते." मग नकाशावर दोरा आणि फूटपट्टी. सरळ अंतर सुमारे ६६५ किलोमीटर. पुन्हा गणित, आता ४२,८००. अजूनही जास्त. तेव्हा तिनेच विचारले, आपली सावली ४२ ऐवजी साडेएकेचाळीस असती तर? करून बघितले: ४१,०००. अर्ध्या सेंटीमीटरने पृथ्वीचा घेर अठराशे किलोमीटरने हलतो! त्या दिवसापासून ही मुलगी काहीही मोजताना तीन वेळा मोजते. तिची आई इथे बसली आहे, तिला विचारा. कणकेला पाणी मोजण्यापर्यंत मजल गेली आहे असे ऐकतो.

आता मार्कांचे. त्रिकोणमिती, अक्षांश-रेखांश, समप्रमाण, हे सगळे शाळेच्या अभ्यासक्रमात आहे. या एका दुपारी तिन्ही आले. पण मी प्रामाणिकपणे सांगतो, यामुळे तुमच्या मुलाचे पाच मार्क वाढतील असा दावा मी करणार नाही. कोचिंगमध्ये ज्या वेगाने प्रश्न सोडवायचा सराव होतो तो माझ्याकडे होणार नाही. तो हवा असेल तर कोचिंगला पाठवा. माझे म्हणणे एवढेच की आठवड्याच्या सात दिवसांतले दोन तास दुसऱ्या कामाला राहू द्यात. माझ्याकडे लाइनवर येणाऱ्या मुलांनी सगळ्या परीक्षा पास केलेल्या असतात. तरी त्यांच्या पहिल्या दोन महिन्यांत माझी झोप उडालेली असते. कारण त्यांना उत्तर येते आणि प्रश्न दिसत नाही.

उलट बाजूही सांगतो. नुसते बाहेर नेले म्हणजे शिकणे झाले असे नव्हे. शाळांच्या कितीतरी सहली आपण पाहतो: बस, गाणी, समोसे, भीमबेटकाच्या गुहेसमोर फोटो आणि परत. काय पाहिले? "चित्रं होती." अहो, भीमबेटका जागतिक वारसा आहे, २००३ पासून. आणि दूर कशाला, आपल्या होशंगाबाद गावालगत आदमगढच्या टेकडीवर तशीच चित्रे आहेत. नर्मदेच्या पलीकडे हथनोऱ्याला १९८२ मध्ये भूवैज्ञानिक अरुण सोनकिया यांना आदिमानवाच्या कवटीचा जीवाश्म सापडला, तो जगातल्या पुस्तकांत आहे. तिथे जाऊन मुलांनी एक वही भरली नाही, एक प्रश्न घरी आणला नाही, तर ती सहलच. सहल वाईट नाही, पण तिला शिक्षण म्हणू नये. मी तर मुलांना स्टेशनबाहेर पडलेल्या गिट्टीच्या ढिगावरही नेतो. काळा दगड. हा ज्वालामुखीचा लाव्हा, महाराष्ट्रातले सह्याद्रीचे कडे ज्याचे आहेत तोच, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. आदमगढचा दगड मात्र वाळूचा, तांबूस, थराथराचा. दोन्ही हातात घेऊन वजन करा, घासा, भिंगातून बघा. फुकट होते.

आपल्या मराठी परंपरेला हे नवे नाही. ताराबाई मोडकांनी गिजुभाई बधेकांबरोबर भावनगरला काम केले आणि १९४५ साली बोर्डीला आदिवासी-ग्रामीण मुलांसाठी काम सुरू केले. पुढे अनुताई वाघांबरोबर कोसबाडला. गुरे राखणारी मुले शाळेत येत नाहीत म्हटल्यावर त्यांनी शाळाच कुरणावर नेली. कुरणशाळा. गुरे चरताहेत आणि मुले शेजारी बसून दगड-पानांनी मोजताहेत. त्यांनी कोणाला "आधी शिस्तीत वर्गात बसा" असे म्हटले नाही. आणि आता २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही सहावी ते आठवीच्या मुलांना दहा दिवस दप्तराविना, गावातल्या कारागिरांकडे शिकायला पाठवायचे म्हटले आहे. कागदावर छान आहे. आपल्या कॉलनीत सुतार, वेल्डर, सिग्नलवाले, लोको पायलट, सगळे राहतात. निवृत्त मंडळी तर सकाळी बाकावर बसून राजकारणाचा चुराडा करत असतात. काकांनो, आठवड्यातला एक तास मुलांना द्या. लोको पायलट काकांनी फक्त एवढे सांगावे की ब्रेक लावल्यावर गाडी उभी राहायला किती अंतर लागते आणि पावसात ते का वाढते. बघा मुले कशी ऐकतात.

व्यवहाराचे बोलतो आणि थांबतो. कोचिंगवाल्या मुलांसाठी रविवारची वेळ सकाळी साडेसहा ते साडेआठ करतो आहोत, म्हणजे नऊच्या क्लासला पोहोचता येईल. नववी-दहावीच्या मुलांनी महिन्यातून एकदाच यावे, पण त्या दिवशी लहानांना शिकवण्याचे काम त्यांचे. मोबाइल घरी. वही, पेन्सिल, पाण्याची बाटली आणि टोपी आणायची. तीन पालक आळीपाळीने बरोबर हवेत, त्याशिवाय मी फाटकाबाहेर पाऊल टाकणार नाही. यादी सचिवांकडे ठेवली आहे.

आणि २३ सप्टेंबरचे. यंदा आपल्याला एक दिल्ली पुरणार नाही. प्रत्येक घराने आपल्या एका नातेवाइकाला आत्ताच फोन करून ठेवायचा. नागपूर, पुणे, मुंबई, कोल्हापूर, बेळगाव, जिथे कोणी असेल तिथे. एक मीटरची काठी, ओळंबा, दुपारी सव्वाअकरापासून एकपर्यंत दर पाच मिनिटांनी सावली, आणि सर्वांत आखूड सावली मिलिमीटरमध्ये. ढग आले तर एक-दोन दिवस मागेपुढे चालेल, फक्त दोन्ही गावांना दिवस एकच हवा. हिशेबाने नागपूरला ती ३९ सेंटीमीटरच्या आसपास यायला हवी, मुंबईला ३४-३५. पण हे आकडे मुलांनी तिकडच्या आजी-आजोबांना आधी सांगायचे नाहीत. त्यांना मोजू द्यायचे.